आधी आत विचारा, मग बाहेर सांगा

वाचकांचे प्रश्न : जनसंपर्क आणि संवाद

मागच्या अंकात जनसंपर्काच्या नोकरीबद्दल लिहिलं होतं. त्यावर आमच्या सांगली-मिरज भागातून बरीच पत्रं आली. रुग्णालयात, पतसंस्थेत, ग्रामपंचायतीत, दूध संस्थेत ‘लोकांशी बोलायचं तेवढं तुम्ही बघा’ असं म्हणून ज्यांच्यावर हे काम सोपवलंय, अशांची ही पत्रं आहेत. मी स्वतः आधी साखर कारखान्यात आणि मग मिरजेच्या एका रुग्णालयात हेच काम केलं, त्यामुळे प्रत्येक पत्रातली अडचण ओळखीची वाटली. काही पत्रं थोडी आटोपशीर करून इथे घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत.

ताई, मी तासगाव तालुक्यातली. मराठी घेऊन बीए केलं आणि मिरजेतल्या एका खासगी रुग्णालयात जनसंपर्क अधिकारी म्हणून लागले. इंग्रजी बेताचं, स्वभाव बुजरा. बरोबरची मुलं एमबीए झालेली. माझ्या बातम्या छापून येत नाहीत, आल्याच तर चार ओळी येतात. मी कोणता कोर्स करू? सोबत एक प्रेसनोट जोडली आहे, ती वाचून सांगाल का?

कोर्सचं शेवटी सांगते. आधी प्रेसनोट बघू.

तुझी प्रेसनोट ‘आरोग्य हीच खरी संपत्ती या उक्तीप्रमाणे सामाजिक बांधिलकी जपत’ अशी सुरू होते. मग संचालकांची नावं, कुणाच्या शुभहस्ते दीपप्रज्वलन, कुणाची प्रमुख उपस्थिती, कुणी सूत्रसंचालन केलं, कुणी आभार मानले. अगदी शेवटी एक ओळ : ‘पुढील मधुमेह नेत्रतपासणी शिबिर येत्या रविवारी होणार असून गरजूंनी लाभ घ्यावा.’ संध्याकाळी जिल्हा पान लावायला बसलेल्या माणसापुढे अशा नोटांचा ढीग असतो. जागा कमी पडली की तो खालून कापतो. म्हणजे लोकांच्या उपयोगाची तुझी एकमेव ओळ सगळ्यात आधी गेली. राहिली ती नावं.

हीच बातमी अशी लिहून बघ :

‘मधुमेह असलेल्यांच्या डोळ्यांच्या पडद्याची मोफत तपासणी येत्या रविवारी सकाळी ९ ते दुपारी १ या वेळेत रुग्णालयात होणार आहे. तपासणीआधी डोळ्यांत थेंब घालतात. त्यानंतर काही तास धूसर दिसतं, म्हणून स्वतः गाडी चालवत येऊ नये आणि सोबत घरच्या कुणाला तरी आणावं. जुने रिपोर्ट व चालू औषधांची चिठ्ठी आणावी. मधुमेहामुळे पडद्याला इजा होते तेव्हा सुरुवातीला दुखत नाही आणि दिसायलाही कमी येत नाही. त्यामुळे त्रास नसला तरी तपासून घ्यावं, असं नेत्रतज्ज्ञांनी सांगितलं.’

ही बातमी खालून कितीही कापली तरी वार आणि वेळ शिल्लक राहते. आता यातलं थेंबांचं वाक्य बघ. ते मला नेत्रविभागाबाहेरच्या बाकावर मिळालं. जत तालुक्यातले एक आजोबा शिबिराला मोटारसायकलवरून आले होते. थेंब घातल्यावर त्यांना समोरचा फलक वाचता येईना, आणि बरोबर कुणीच नाही. दुपारभर ते तिथेच बसून राहिले. शिबिराच्या पत्रकावर सगळ्या विश्वस्तांची नावं होती, पण ‘गाडी चालवत येऊ नका’ हे कुठेच नव्हतं. तिथल्या तंत्रज्ञ मुलीला विचारलं तर म्हणाली, ‘मॅडम, हे तर प्रत्येक वेळी होतं.’ तिला रोज दिसत होतं, पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

माझ्या मते जनसंपर्काचं खरं कौशल्य इथे आहे. बाहेर बोलण्याआधी आपल्याच संस्थेत फिरून नेमकं काय ते काढून आणायचं. रोज सकाळी अर्धा तास काढ. रिसेप्शन, बिलिंगचा काउंटर, वॉर्डातल्या सिस्टर, मेडिकलवाला मुलगा यांना एकच प्रश्न विचार : काल लोकांनी सगळ्यात जास्त काय विचारलं? ते वहीत लिही. महिनाभरात तुझ्याकडे इतका ऐवज जमेल की एमबीए झालेली मुलं तुला विचारायला येतील. बुजरेपणाची काळजी करू नकोस. बुजरा माणूस समोरच्याला मध्येच तोडत नाही, म्हणून लोक त्याच्याजवळ जास्त बोलतात. मंचावर बोलणं सवयीने जमतं. ऐकून घेणं मात्र पुष्कळ बोलक्या माणसांना शेवटपर्यंत जमत नाही.

इंग्रजी वाचून समजण्याइतकं पक्कं कर, कारण वैद्यकीय कागद इंग्रजीतच येतात. लिहायचं मात्र मराठीत, आणि नेमकं. ‘अँजिओप्लास्टी यशस्वी’ एवढ्याने कवठेमहांकाळच्या वाचकाला काही कळत नाही. ‘हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीतला अडथळा फुग्याने उघडला आणि ती पुन्हा आकसू नये म्हणून तिथे जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवली’ असं लिहिलं तर कळतं. लिहिलेला मजकूर दोन माणसांना वाचून दाखवायचा : डॉक्टरांना, आणि झाडलोट करणाऱ्या मावशींना. डॉक्टर म्हणाले ‘बरोबर आहे’ आणि मावशी म्हणाल्या ‘समजलं’, की मगच पाठवायचा.

रुग्णाचं नाव किंवा फोटो लेखी संमतीशिवाय कधीही बाहेर द्यायचा नाही. संमती कधी मागतो हेही महत्त्वाचं. बिल थकलेलं आहे, डिस्चार्ज मिळायचाय, अशा वेळी कुणी ‘नाही’ म्हणू शकत नाही. घरी जाऊन आठ-पंधरा दिवस झाले की फोन करून विचार. कुणी नको म्हणालं तर विषय तिथेच संपला.

पत्रकारांच्या बाबतीत थोडक्यात सांगते. पान लावायच्या वेळी फोन करू नकोस. ‘बातमी का नाही आली’ असं विचारू नकोस. छापण्याआधी दाखवा, असं म्हणू नकोस. त्यांनी काही विचारलं आणि तुला ठाऊक नसलं तर ‘अर्ध्या तासात विचारून सांगते’ म्हण आणि खरोखर अर्ध्या तासात फोन कर, उत्तर मिळालं नसलं तरी कर. या एका सवयीवर जिल्ह्याच्या ठिकाणी तुझं नाव होईल.

आणि कोर्स. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात वृत्तपत्रविद्या व जनसंवाद विभाग आहे, तिथे चौकशी कर. दिल्लीच्या आयआयएमसीमध्ये, म्हणजे भारतीय जनसंचार संस्थेत, जाहिरात आणि जनसंपर्काचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. पण घरची परिस्थिती बेताची असेल तर हातातली नोकरी सोडून जाऊ नकोस. वर्षभर वही भर, मग कोर्स कर. तेव्हा वर्गात शिकवलेलं प्रत्येक वाक्य कशाला लागतं ते तुला कळेल.

आमच्या संस्थेच्या बातम्या याव्यात म्हणून काही जण ‘पाकीट’ द्या म्हणतात. द्यावं का?

नाही. जाहिरात द्यायची असेल तर रीतसर द्या, पावती घ्या, आणि ती जाहिरात म्हणूनच छापली जाऊ द्या. पैसे देऊन बातमीच्या रूपात आलेला मजकूर ही वाचकाची फसवणूक आहे, आणि प्रेस कौन्सिलने ‘पेड न्यूज’विरुद्ध वारंवार भूमिका घेतली आहे. एकदा पाकीट दिलंत की पुढे तुमच्या संस्थेबद्दल छापून आलेल्या खऱ्या चांगल्या बातमीलाही गावात कुणी किंमत देणार नाही.

मी कृष्णाकाठच्या एका गावात ग्रामपंचायतीत काम करतो. पावसाळ्यात वरून आलेले विसर्गाचे, म्हणजे धरणातून सोडलेल्या पाण्याचे, मेसेज ग्रुपवर टाकतो, स्पीकरवरून पुकारतो. तरी खालच्या आळीतली माणसं पाणी दाराशी येईपर्यंत हलत नाहीत. आमचं काय चुकतं?

हा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटला, म्हणून सविस्तर लिहिते. तुमचं काम रुग्णालयाच्या किंवा कारखान्याच्या प्रेसनोटपेक्षा कितीतरी जोखमीचं आहे.

तुम्ही पाठवलेला मेसेज असा आहे : ‘कोयना धरणातून ५०,००० क्युसेक विसर्ग सुरू. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’ एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर पाणी. हे पाटबंधारे खात्याला लागतं. खालच्या आळीतल्या बाईला मात्र एवढंच कळायला हवं असतं की पाणी माझ्या उंबऱ्याला लागणार का, आणि लागलं तर कधी. ‘सतर्क राहावे’ म्हणजे नेमकं काय करावं? जागं राहावं, की पोती माळ्यावर टाकावीत, की म्हशी सोडाव्यात? मेसेजमध्ये कृतीच सांगितलेली नसेल तर माणूस काही करत नाही, वाट बघतो.

सांगली शहरात लोकांना एक माप पाठ आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४५ फूट म्हणजे धोका पातळी. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड इथल्या माणसांना फुटाचा आकडा ऐकला की आपल्या गल्लीत पाणी कुठवर येईल ते कळतं, कारण २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर त्यांनी अंगावर घेतले आहेत. २०१९ ला तर पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तुमच्या गावाला असं स्वतःचं माप हवं. ते पावसाळ्याआधी तयार करता येतं. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते म्हाताऱ्या माणसांना आणि पोलिस पाटलांना विचारा. मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या, शाळेची भिंत, पाण्याची टाकी यांवर रंगाच्या ठळक रेघा मारा. आयर्विनला पाणी किती असताना आपल्याकडे कुठल्या पायरीला लागतं, ते दोन पावसाळे टिपून ठेवा.

मग मेसेज असा जाईल :

‘बुधवार, सकाळी ९ ची माहिती. पाणी देवळाच्या तिसऱ्या पायरीला आहे आणि वाढतंय. आज रात्रीपर्यंत खालच्या आळीत शिरण्याची शक्यता आहे. खालच्या आळीने दुपारी ३ च्या आत जनावरं हायस्कूलच्या मैदानावर आणावीत, वैरणीची सोय तिथे केली आहे. म्हातारी माणसं, गरोदर बाया आणि लहान मुलं आधी. औषधं, रेशन कार्ड, आधार आणि पासबुक पिशवीत घ्या. पुढची माहिती दुपारी १२ वाजता.’

मेसेजमध्ये जनावरांचं वाक्य माणसांच्या आधी का घेतलं, ते तुम्हाला सांगायला नको. आपल्याकडे माणूस गोठ्यासाठी मागे राहतो. दावणीला दोन म्हशी आणि एक गाय असलेल्या घराला ‘सुरक्षित स्थळी जा’ म्हणून उपयोग नाही. गुरांची जागा आणि वैरण आधी सांगितली की घर आपोआप हलतं. हे मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी शिकवलं नाही, पूरग्रस्तांच्या छावणीत बायकांशी बोलताना कळलं.

वार आणि वेळ पहिल्या ओळीत टाकाच. पुरात जुने व्हिडिओ आणि जुने मेसेज पुन्हा फिरायला लागतात, २०१९ चा व्हिडिओ आजचा म्हणून येतो. तुमच्या प्रत्येक मेसेजवर वेळ असेल आणि दुपारी १२ म्हटल्यावर १२ लाच पुढचा येत असेल, तर लोक दुसरीकडे बघणार नाहीत. नवीन काही नसलं तरी १२ वाजता ‘पाणी तिथेच आहे’ एवढं टाका. अंदाज चुकला, पाणी आलंच नाही, तर तेही स्पष्ट सांगा आणि का चुकला ते सांगा. नाहीतर पुढच्या वेळी पुकारलं तरी कुणी उठणार नाही.

शेवटचं म्हणजे कोण सांगतं. स्पीकरचा आवाज सगळ्यांसाठी असतो, म्हणून तो कुणाचाच नसतो. आशाताई, बचत गटाच्या अध्यक्षा, शाळेचे गुरुजी यांना पंधरा-पंधरा घरं वाटून द्या. त्यांनी दारात जाऊन सांगायचं आणि परत येताना विचारायचं : ‘मग कधी निघताय? कुठं जाणार?’ समोरच्याने स्वतःच्या तोंडाने वेळ सांगितली की बहुतेक वेळा तो ती पाळतो. कोण निघालं आणि कोण राहिलं, त्याची यादी संध्याकाळी तुमच्या टेबलावर आली पाहिजे.

मी एका पतसंस्थेत शाखा सांभाळतो. ‘संस्था बुडणार’ असा मेसेज फिरला आणि दुसऱ्या दिवशी ठेवीदारांची रांग लागली. चेअरमनसाहेब म्हणतात, काही बोलू नका, आपोआप थंड होईल. मी काय करू?

थंड होणार नाही. तुम्ही गप्प बसलात की गाव स्वतःच उत्तर तयार करतं, आणि ते तुम्हाला परवडणारं नसतं.

पहिलं काम आतलं. मॅनेजर आणि लेखापरीक्षकांकडून आकडे लेखी घ्या : आज रोकड किती, जिल्हा बँकेतली गुंतवणूक किती, या महिन्यात मुदत संपणाऱ्या ठेवी किती, थकीत कर्ज किती, शेवटच्या ऑडिटमध्ये कोणता वर्ग मिळाला. हे आकडे चांगले असतील तर बोलणं सोपं आहे. ते वाईट असतील तर हा प्रश्न जनसंपर्काचा राहिलेला नाही. संचालक मंडळाने सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयाकडे जायला हवं. खोटा दिलासा देण्यासाठी तुमचं तोंड वापरू देऊ नका. रांगेतली म्हातारी माणसं तुमच्या शब्दावर पैसे ठेवून घरी जातील, हे लक्षात असू द्या.

एक चूक बऱ्याच ठिकाणी होते, म्हणून ठळक लिहिते. ‘तुमच्या ठेवींना विमा आहे’ असं सांगू नका. पाच लाखांपर्यंतचं ठेव विमा संरक्षण बँकांतल्या ठेवींना आहे, त्यात सहकारी बँका येतात. पतसंस्था येत नाहीत.

आकडे हातात आले की अर्ध्या पानाचं निवेदन काढा. सुरुवात अफवेने नको, वस्तुस्थितीने करा : शाखा उद्या नेहमीच्या वेळेत सुरू राहील, मुदत संपलेली ठेव मागेल त्याला मिळेल, मुदतीआधी मोडायची असेल तर नियम हा आहे आणि व्याज इतकं कमी होईल. खाली चेअरमनसाहेबांची सही आणि एकाच जबाबदार माणसाचा फोन नंबर. हाच कागद कॅशियरला, रोजची बचत गोळा करणाऱ्या पिग्मी एजंटांना आणि शिपायाला वाचून दाखवा. गावात साहेबांना कुणी विचारत नाही, चहाच्या टपरीवर शिपायाला विचारतात. त्याने ‘मला काय माहीत’ असं म्हटलं की तीच बातमी होते. रांगेतल्या लोकांना खुर्च्या द्या, पाणी द्या, आणि चेअरमनसाहेबांना केबिनमधून बाहेर आणून त्यांच्यात बसवा.

साहेबांना पटवायला हवं असेल तर ही जुनी गोष्ट सांगा. १९०६ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वेचे डबे पुलावरून पाण्यात कोसळले, ५० हून अधिक माणसं गेली. त्या काळी रेल्वे कंपन्या अपघात दडपत असत. पेनसिल्व्हेनिया रेलरोडचे सल्लागार आयव्ही ली यांनी कंपनीचं निवेदन स्वतःहून वृत्तपत्रांना दिलं आणि पत्रकारांना घटनास्थळी न्यायची व्यवस्था केली. प्रेसनोटची सुरुवात बरेच जण तिथपासून मानतात. म्हणजे आपल्या या कामाचा पहिला कागदच वाईट बातमीचा होता.

आमचे साहेब कात्रणं सेंटिमीटरने मोजतात आणि जाहिरातीच्या दराने गुणून ‘एवढ्या लाखांची प्रसिद्धी’ असा अहवाल मागतात. हे बरोबर आहे का?

ही पद्धत जुनी आहे. संवादाचं मोजमाप करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये बार्सिलोनात तत्त्वं ठरवली, त्यात हा जाहिरातदराचा हिशेब नाकारलेला आहे. साहेबांशी वाद घालू नका. त्यांचा रकाना राहू द्या, शेजारी तुमचा एक रकाना वाढवा : या बातमीनंतर किती फोन आले, त्यांनी काय विचारलं, किती जण प्रत्यक्ष आले. दोन-तीन महिन्यांत साहेब आधी तुमचा रकाना वाचायला लागतील.

मी पलूस तालुक्यातल्या एका दूध संस्थेचा निवृत्त सचिव. सभासदांसाठी चार पानी मासिक पत्रिका काढावी असं मनात आहे. आमच्यासारख्या लहान संस्थेने हे करावं का? आणि त्यात काय असावं?

सर, तुम्ही तर पलूस तालुक्यातले. तुमच्या शेजारीच किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली माळावर कारखाना उभा राहिला आणि १९२० मध्ये तिथून ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. कारखान्याची खबरबात देणारं ते पत्र शंकरराव किर्लोस्करांच्या हाताखाली वाढत वाढत महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक झालं. जरूर काढा.

पण संचालकांच्या वाढदिवसाचे फोटो आणि सत्कार यांनी चार पानं भरू देऊ नका. सभासद संकलन केंद्रावर काय विचारतो? ‘काल फॅट ३.८ लागली, आज ३.४ कशी?’ ‘एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) कमी आला म्हणून दर कापला, तो किती कापला?’ ‘मिनरल मिक्श्चर कधी येणार?’ पहिल्या पानावर या महिन्याचा दर आणि तो कसा काढला याचं एक खरं उदाहरण द्या : ३.५ फॅट, ८.५ एसएनएफचं गाईचं दूध, त्याच्या वर-खाली गेलं की किती पैसे वाढतात आणि किती कमी होतात. दुसऱ्या पानावर जनावरांच्या डॉक्टरांचं एक उत्तर, त्या महिन्यात ज्या आजाराची तक्रार जास्त असेल त्यावर. तिसऱ्या पानावर सभासदांच्या तक्रारी आणि संस्थेने त्यावर काय केलं. जिथे काही केलं नसेल तिथे ‘अजून झालेलं नाही’ असंच छापा. चौथं पान घरातल्या बायकांना द्या. धारा त्या काढतात, वैरण त्या घालतात, आणि आपल्याकडे सभासद म्हणून नाव बहुतेक वेळा नवऱ्याचं असतं. त्यांचे प्रश्न घ्यायला केंद्रावर बसून चालणार नाही, कारण दूध घालायला बऱ्याचदा पोरगं येतं. गोठ्यापर्यंत जावं लागेल.

अक्षर मोठं ठेवा, कागद साधा चालेल. पहिला अंक निघाला की एक प्रत मला पाठवा. दुधाचा दर कुठल्या पानावर आहे, ते मी आधी बघणार आहे.